फॉस-टॅग जेलवर रॅब१०ची वरची पट्टी येत नाही

प्रश्न (बडोदा): एलआरआरके२ किनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) रॅब१० या प्रोटीनच्या थ्रिओनिन ७३ या जागेवर फॉस्फेट बसवतं; पार्किन्सन्समधल्या एलआरआरके२च्या जी२०१९एस या जनुकीय बदलात हे वाढतं. फॉस-टॅग जेल मँगनीजच्या मदतीनं फॉस्फेट धरून ठेवतं, म्हणून फॉस्फेटवालं रॅब१० मागे राहून वरची वेगळी पट्टी दिसायला हवी. आमच्याकडे मात्र एकच पट्टी, तीही पसरट. कुठं बिघडतंय?

उत्तर १: लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) ईडीटीए, म्हणजे धातूचे आयन बांधून ठेवणारा पदार्थ, आहे का? तो जेलमधलं मँगनीज ओढून घेतो, मग फॉस-टॅग फॉस्फेट धरणार कसं? नमुन्यात १० मिलिमोलर मँगनीज क्लोराइड घाला. बहुतेक लॅडरमध्येही (प्रोटीनचं वजन ओळखायच्या मार्करमध्ये) ईडीटीए असतो, शेजारची लेन वाकडी होते.

उत्तर २: ट्रान्सफरआधी (प्रोटीन जेलमधून मेम्ब्रेनवर नेण्याआधी) नेमकं उलट, मँगनीज काढायचं! जेल १० मिलिमोलर ईडीटीएच्या ट्रान्सफर बफरमध्ये १०-१० मिनिटं तीनदा धुवा, नाहीतर प्रोटीन जेलमध्येच अडकतं. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचाच घ्या, रॅब१० जेमतेम २३ किलोडाल्टनचं.

उत्तर ३: एमएलआय-२ (एलआरआरके२ला रोखणारं रसायन) दिलेल्या पेशींची लेन हवीच. त्यात वरची पट्टी गेली, तरच ती एलआरआरके२ची.