विषय: गावच्या दगडाला ग्रॅनाइट

नमस्कार मंडळी,

आपल्या इथल्या, इंग्लंडमधल्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतले थोडे पौंड शिल्लक आहेत. खजिनदारकाकांच्या गावी, साताऱ्याकडे, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा एक जुना दगड आहे. त्याला ग्रॅनाइट बसवून, भोवती स्टीलचं रेलिंग करून खाली मंडळाचं नाव टाकावं, असा कमिटीचा विचार आहे. काका सध्या गावीच आहेत. काका, माप घेऊन कोटेशन मागवाल का? रविवारी मीटिंग आहे.

– सहसचिव

*

मंडळी, राम राम.

टेप घेऊन माप घ्यायला गेलो आणि अर्धा दिवस तिथंच गेला.

दगड चावडीच्या भिंतीत बसवलेला आहे. दरवर्षी झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी भिंतीबरोबर त्यालाही चुन्याचा हात मिळतो. मिळून मिळून अक्षरं पार बुजलीत. नारळाची शेंडी ओली करून हळूहळू घासलं तेव्हा इंग्रजी वर आलं: या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धावर इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. पहिला आकडा नीट लागतो. दुसऱ्या आकड्यावर कुणीतरी विजेची माळ टांगायला खिळा ठोकलाय. म्हणजे किती गेले ते कळतं, किती परत आले नाहीत ते टवक्याबरोबर गेलं. आणि नाव? एकही नाही. असले दगड सरकारने गावोगाव एकाच साच्याचे बसवले, आकडे तेवढे बदलले.

आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं ते अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण पडले आणि इंग्रजांनी तिथं स्तंभ उभारला. गावाच्या नावाला 'मिलिटरी' चिकटलं ते कायमचंच. पण शेजारपाजारच्या लहान गावांतूनही पोरं गेलीच होती. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कुत-अल-अमारा इथं ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि जे जगले ते तुर्कांच्या कैदेत गेले. कैदेतून बरेच जण परतलेच नाहीत. आमचे म्हातारे या सगळ्याला मिळून 'बसऱ्याची लढाई' म्हणायचे.

बसऱ्याला एक मोठं स्मारक आहे, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक जणांचं. त्यावर गोऱ्या सोल्जरांची नावं आहेत, आपल्या सुभेदार-जमादारांचीही आहेत. साध्या हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. तिकडे फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी नावं कोरली, तेही १९२७ मध्ये. म्हणजे त्या काळी नावं कोरणं जमत नव्हतं असं नव्हे. ही थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आहे.

म्हणून माझं म्हणणं: ग्रॅनाइट नको. (रेलिंग तर मुळीच नको, त्यावर आठ दिवसांत गोधड्या वाळत पडतील.) गुळगुळीत दगडावर आपलं नाव आणि मेलेल्यांचा नुसता आकडा, हे मला तरी बघवणार नाही. नावं शोधू. कमिशनच्या साइटवर शोधता येतं, बऱ्याच नोंदींत बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. कारकुनाने कानाला येईल तसं स्पेलिंग केलंय, त्यामुळे आपलं एक गाव पाच तऱ्हांनी टाकून बघावं लागेल. त्यांचं मुख्य ऑफिस मेडनहेडला आहे, तुमच्यातले निम्मे लोक रोज त्या बाजूलाच कामाला जातात.

– खजिनदार

*

काका, नमस्कार.

मी कधी लिहीत नाही, पण तुमचं वाचून राहवलं नाही. माझं सासर तुमच्या शेजारच्याच गावचं. आमच्या देव्हाऱ्यात एक तबकडी आहे, साधारण अर्ध्या वितीची. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. आजेसासूबाई तिला अंबाबाई म्हणूनच पूजायच्या, नवरात्रात माळ घालायच्या. लग्न झाल्यावर मीही चार वर्षं कुंकू लावलं. मग एकदा कडेची इंग्रजी अक्षरं वाचली, स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला, अशा अर्थाची. युद्धात गेलेल्यांच्या घरी सरकार पाठवायचं ती ब्रिटानियाची, म्हणजे बाईच्या रूपातल्या ब्रिटनची तबकडी. घरात थोरल्या आजोबांचा एवढाच विषय निघायचा की 'ते बसऱ्याला राहिले'.

सिंहाच्या वर चौकटीत नाव आहे, पण शंभर वर्षांच्या हळदकुंकवाने भरून गेलंय. चिंचेनं घासू का? सासूबाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, देवी घासायची ती दसऱ्याला, मधेच नाही.

– माजी सांस्कृतिक सचिव

*

ताई,

चिंच अजिबात लावू नका, उठाव झिजेल. मऊ कापड कोमट पाण्यात पिळून घ्या आणि नुसतं टिपा. सासूबाईंचं ऐका, दसऱ्यापर्यंत थांबू. त्या दिवशी मी गावीच आहे, परवानगी असेल तर येतो. पहिलं नाव तुमच्या देव्हाऱ्यातलं लिहून घेऊ.

सहसचिव, कोटेशन मागवलेलं नाही. चावडीतला खिळा मात्र आज काढून घेतला.

– खजिनदार