पूरनिधी कुठे पाठवायचा ते गुरुवारच्या आत ठरवा

प्रेषक: सुनील (खजिनदार)
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

मंडळी,

शनिवारी दिवाळीच्या कार्यक्रमात रक्कम जाहीर करायची आहे आणि शुक्रवारी सकाळी बँकेत कागद द्यायचे आहेत. फराळाच्या स्टॉलचे पैसेही जमा झालेत. कार्यकारिणीत दोन मतं पडली म्हणून इथे विचारतोय.

मंडळाची नोंदणी परदेशातली, त्यामुळे आपला पैसा भारतात परदेशी देणगी ठरतो. तो एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येतो, आणि तोही दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यावरच. मंजिरीताईंनी सुचवलेल्या गावच्या संस्थेची ही नोंदणी नाही. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे देऊन तिथून पुढे वळवायचे, ही सोय २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली.

म्हणजे उरले दोन मार्ग. एक, मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला यंदा मे महिन्यात एफसीआरएची परवानगी मिळाली आहे. दोन, २०१९ च्या पुरात आपण ज्यांच्यामार्फत काम केलं ती संस्था. पहिल्यात कागद कमी. दुसऱ्यात करार, कामाचे टप्पे, खर्चाचा अहवाल हे सगळं आलं.

"एक" किंवा "दोन" एवढंच कळवा.

सुनील

---

प्रेषक: प्रमोद
सोमवार, ३ नोव्हेंबर

सुनीलदादा, दोन. पण एवढ्यावर थांबवत नाही, कारण आमचं घर परांड्याचं आहे आणि सप्टेंबरमध्ये सीनेने काय केलं ते मी व्हिडिओ कॉलवर रोज बघितलंय.

लोकांना वाटतं पूर म्हणजे पीक बुडालं. पीक बुडालं तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. आमच्या नदीकडच्या पट्टीत मातीच राहिली नाही. दीड-दोन हात काळी माती होती, ती गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. विहीर काठापर्यंत गाळाने भरली, मोटार आतच अडकली. भाऊ म्हणतो, पेरायचं कशात?

७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख रोजगार हमीतून. विहिरीला ३० हजार. कोरडवाहूला रब्बीच्या बियाण्याचे १० हजार धरून हेक्टरी साडेअठरा हजार. रोजगार हमीतून माती कधी येणार, कोण आणणार, हे तलाठ्याला विचारलं तर त्याच्याकडेही उत्तर नाही.

आणि या सगळ्याच्या आधीचं पीककर्ज डोक्यावर आहेच. सत्ताधाऱ्यांच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती म्हणून गावात कित्येकांनी मार्चमध्ये भरणा केला नाही. २८ मार्चला अजितदादांनी सांगून टाकलं की ३१ तारखेच्या आत पैसे भरा. तोवर जो थांबला तो थकबाकीदार झाला, आणि थकबाकीदाराला नवीन कर्ज नाही. आता बच्चू कडूंनी नागपूरचे रस्ते अडवल्यावर ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ म्हणतात. म्हणजे आणखी एक पेरणी सावकाराच्या पैशावर.

ज्या सरकारने शब्द पाळला नाही त्याच्याच खात्यात आपण पैसे का घालायचे? लाडक्या बहिणींसाठी यंदा ३६ हजार कोटी आहेतच ना.

प्रमोद

---

प्रेषक: अविनाश
सोमवार, ३ नोव्हेंबर

प्रिय प्रमोद आणि सर्व सभासद,

प्रमोदच्या घरच्या परिस्थितीबद्दल मनापासून वाईट वाटलं. तरी माजी अध्यक्ष या नात्याने दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली, या मेल-यादीवर पक्षीय चर्चा करू नये असा ठराव आपण सर्वांनी मिळून केलेला आहे.

दुसरी, मुख्यमंत्री सहायता निधी म्हणजे राज्याचा अर्थसंकल्प नव्हे. तो स्वतंत्र धर्मादाय न्यास आहे, त्याचं खातं वेगळं असतं. त्यातला पैसा लाडकी बहीणसाठी वळवला जाईल ही भीती निराधार आहे. त्या निधीतून गरीब रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या गावी पाहिलं असेल. आपत्तीच्या वेळी राज्याच्या निधीत भर घालण्याची मराठी मंडळांची जुनी रीत आहे. सरकारवर राग असला तरी ती मोडू नये.

माझं मत: एक.

अविनाश

---

प्रेषक: केतकी
मंगळवार, ४ नोव्हेंबर

> लाडक्या बहिणींसाठी यंदा ३६ हजार कोटी आहेतच ना.

प्रमोददादा, मी फक्त या ओळीला उत्तर देतेय.

माझी आत्या बार्शीजवळ राहते आणि खुरपायला जाते. पहिले पैसे आले तेव्हा तिच्या नावावर पहिल्यांदा पासबुक झालं. त्याआधी घरात पैसा यायचा तो काकांच्या किंवा मुलाच्या हातात. आता बीपीच्या गोळ्या ती कुणाला न विचारता आणते आणि उरलेले भिशीत टाकते. शेतकऱ्याची कर्जमाफी अडली ती तिच्या दीड हजारामुळे, असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही. तिच्या वावरातही पाणी होतं. तीही शेतकरीच आहे.

राग यायचा असेल तर योजना ज्या रीतीने राबवली त्याचा यावा. २०२४ च्या जूनमध्ये घोषणा, ऑगस्टमध्ये हप्ते, नोव्हेंबरमध्ये मतदान. त्या घाईत कुणाची छाननी झाली नाही. निकाल लागल्यावर सरकारला पडताळणी आठवली आणि या जूनपासून सव्वीस लाखांहून जास्त जणींचे पैसे थांबवले. त्यात दोन हजारांवर सरकारी कर्मचारी निघाल्या, पुरुषही निघाले. त्यांना थांबवलं ते योग्यच. पण आता सगळ्यांना ई-केवायसी, १८ नोव्हेंबरची मुदत, आणि नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक लागतो. आत्याचे यजमान गेले, वडील तर कधीच गेले. तिने कुणाचा नंबर द्यायचा? मोबाईलवर ओटीपी येत नाही म्हणून सेतू केंद्रात दिवस मोडला, त्या दिवसाची मजुरी बुडाली.

मत: दोन.

केतकी

---

प्रेषक: मंजिरी
मंगळवार, ४ नोव्हेंबर

सुनील, तू माझ्या संस्थेला एका ओळीत बाद केलंस म्हणून लिहितेय. ती मुलं कागदात कच्ची असतील, पण पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी चिखल उपसायला तीच उभी होती. करमाळा-माढ्याच्या पट्ट्यात शाळकरी मुलांच्या वह्या, दप्तरं, गणवेश त्यांनी घरोघरी पोचवले. मोठ्या संस्था आल्या त्या नंतर.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या खात्यातून थेट त्यांना पाठवले तर? त्याला तर एफसीआरए लागत नाही ना?

मंजिरी

---

प्रेषक: सुनील (खजिनदार)
मंगळवार, ४ नोव्हेंबर

मंजिरीताई, बाद केलेलं नाही, कायदा सांगितला. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगीत धरत नाहीत. पण इथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही तो पैसा परदेशीच. आणि लोकांनी मंडळाकडे दिलेले पैसे पुन्हा कुणाच्या वैयक्तिक खात्यातून पाठवायचे नाहीत. त्यावर मी सही करणार नाही.

आतापर्यंत: "एक" नऊ, "दोन" अकरा. बाकीच्यांनी कृपया एवढंच लिहा.

सुनील

---

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, ४ नोव्हेंबर

अविनाशकाका, ठरावाचा मान आहे. पण सरकारचा पैसा कुठून उचलला आणि कुठे टाकला, हे बोलणं म्हणजे पक्षीय चर्चा नव्हे.

मी लातूरला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून बारावी केली. एका खोलीत सहा जण, गाद्या फाटक्या, पण दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाला दिवा होता. ते नसतं तर मी गावीच राहिलो असतो. आज या यादीवर आहे तो त्या वसतिगृहामुळे. यंदा मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी लाडकी बहीणकडे वळवले. ओरड विरोधकांनी केलीच, पण सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीही जाहीर नाराजी दाखवली. खात्याच्या मंत्र्यालाच विचारात घेतलं जात नसेल तर वसतिगृहातल्या पोराने कुणाकडे बघायचं?

केतकी, तुझ्या आत्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते दलित-आदिवासी मुलांच्या ताटातून काढून नकोत. दोन्ही घटक गरीबच, आणि सरकार एकाचं काढून दुसऱ्याला देतंय. १० मार्चच्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी. हे आकडे अर्थमंत्र्यांनीच मांडलेले आहेत.

दोन.

मिलिंद

---

प्रेषक: वैभव
बुधवार, ५ नोव्हेंबर

मिलिंदभाऊ, ताट कुणाचं काढलं यात तुम्ही एक ताट विसरलात. शक्तिपीठ महामार्ग.

वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, खर्च ८६ हजार कोटींच्या वर. जूनमध्ये मंत्रिमंडळाने त्यातले २०,७८७ कोटी मंजूर केले, मुख्यतः भूसंपादनाला. नागपूर-रत्नागिरी महामार्ग असताना हा कुणी मागितला? आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात बागायती जमिनी जाणार म्हणून गावंच्या गावं रस्त्यावर आली. विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूरपुरती अधिसूचना मागे घेतली होती. निकाल लागला आणि विषय पुन्हा आला. तिजोरीत खडखडाट आहे म्हणून कर्जमाफी थांबते, मग रस्त्याला कर्ज कसं मिळतं?

मामेभाऊ पाणीपुरवठ्याची छोटी कामं घेतो. जलजीवनची टाकी बांधून झाली, पाणी चालू झालं, बिल मात्र अजून निघालं नाही. पाइपवाल्याचे आणि मजुरांचे पैसे त्याने बायकोचे दागिने ठेवून दिले. तो रोज त्या कार्यालयात जातो, तिथे सांगतात निधी आला नाही. राज्यभर अशी बिलं अडकलेली आहेत, कंत्राटदार त्यासाठी आंदोलनं करतायत.

गेल्या वर्षी आजच्याच तारखेला आमच्या कोल्हापुरात सत्ताधाऱ्यांच्या सभेत लाडक्या बहिणींना २१०० रुपये आणि कर्जमाफी ही वचनं दिली होती. वर्ष झालं. दोन्ही नाहीत.

आणि काका, सहायता निधीबद्दल. या हंगामापासून सरकार साखर कारखान्यांकडून ऊस गाळपाच्या टनामागे १५ रुपये घेणार, त्यातले १० मुख्यमंत्री सहायता निधीला आणि ५ पूरग्रस्तांना. कारखान्याच्या नफ्यातून घेतो, शेतकऱ्याच्या एफआरपीतून (उसाच्या किमान दरातून) नाही, असं मुख्यमंत्री म्हणतात. ज्याने ऊस घातलाय त्याला विचारा कारखाना ते कुठून काढतो.

दोन.

वैभव

---

प्रेषक: अविनाश
बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रिय वैभव,

१५ रुपयांच्या बाबतीत कारखान्यांनी सरकारची मदत घेताना कधी मागेपुढे पाहिलेलं नाही, मग आपत्तीत त्यांच्याकडून वर्गणी घेतली तर एवढं काय बिघडलं? त्यांच्या कर्जाला थकहमी कुणाची असते?

वचनांबद्दल म्हणशील तर विरोधकांनी महिलांना ३००० आणि तीन लाखांपर्यंत कर्जमाफी सांगितली होती. ते आले असते तर पैसे कुठून आणले असते? बोली लावायला दोन्ही बाजू होत्या. कालच नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, २ डिसेंबरला मतदान आहे. आता पुन्हा नवीन वचनं ऐकू येतील. याचा मलाही तुमच्याइतकाच संताप आहे. माझा मुद्दा आपल्या छोट्या रकमेपुरता आहे: पूर आलेल्या तालुक्यांची यादी, पंचनामे, बँक खाती हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आहे, संस्थेकडे नाही.

अविनाश

---

प्रेषक: प्रमोद
बुधवार, ५ नोव्हेंबर

काका, पंचनामे त्यांच्याकडे आहेत हे खरं. आमचाही झालाय. त्यात विहीर लिहायची राहिली, ती लिहून घ्यायला भाऊ अजून फिरतोय. म्हणून म्हणतो, पैसे अशा हातात द्या की जो शेतावर येऊन विहीर बघेल. गाळ काढायला पोकलेन लागतो, तो तासावर मिळतो. आपल्या पैशातून एका गावातल्या जमतील तेवढ्या विहिरी उपसून द्या, यादी गावाने करायची. आमचं गाव वगळा, नाहीतर उद्या कुणी बोट दाखवेल.

केतकी, तुझ्या आत्याला मी बोललो नव्हतो. माझा राग ज्यांनी पैसे वाटून मतं घेतली त्यांच्यावर आहे.

प्रमोद

---

प्रेषक: सुनील (खजिनदार)
गुरुवार, ६ नोव्हेंबर

"एक" चौदा, "दोन" सव्वीस. पैसे २०१९ च्या संस्थेकडे जातील. विहिरींचं काम घेता येईल का ते मी काल फोनवर विचारलं, तिथल्या ताई हो म्हणाल्या. गाव ठरवून फोटो आणि पोकलेनच्या तासांचा हिशेब दर आठवड्याला पाठवतील. करारात ही अट घालतोय. अविनाशकाका, मसुदा तुमच्या नजरेखालून गेला तर बरं होईल, आज रात्री पाठवतो.

मंजिरीताईंच्या संस्थेला ज्यांना वैयक्तिक द्यायचे आहेत त्यांनी त्यांना वेगळी मेल करावी, इथे नको.

सुनील

---

प्रेषक: मंजिरी
गुरुवार, ६ नोव्हेंबर

केतकी, आत्याच्या ई-केवायसीचं काही झालं का? माझ्या जावेची मोलकरीण अशीच अडकली आहे, नवरा आणि वडील दोघंही नाहीत. तिला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलंय की दोघांच्या मृत्यूदाखल्यांच्या झेरॉक्स आणि एक अर्ज देऊन ठेव, आणि अर्जावर पोच घे. पुढे काय होईल ते त्यांनाही ठाऊक नाही, पण १८ तारखेच्या आधी दिल्याचा कागद तरी हातात राहील. वडिलांचा दाखला नसेल तर ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीत बघायला सांग. आत्यांचं गाव मोठं असेल तर सकाळी लवकर जायला सांग, दुपारी ग्रामसेवक भेटत नाहीत.

मंजिरी