मदत हवी आहे: विमानाचं गणित उणे येतंय

कातळशिल्प:
परवा शाळेत विज्ञान प्रदर्शन (रत्नागिरी). तक्ता निम्मा रंगवून झालाय आणि गणित अडलंय. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, आपल्या अक्षांशावर ताशी साधारण १६०० किमी. विमान ८५०. जाताना मिळवले, येताना वजा केले, तर उत्तर उणे ७५०. म्हणजे विमान परत येतच नाही! पण फरक तर आहेच, तिकिटावर जाताना पावणेदोन तास, येताना सव्वाचार. चूक कुठे ते लवकर सांगा. व्याख्यान नको.

पागोळी:
कुठून कुठे? कुठला महिना? आणि तिकिटावरच्या वेळा कुठल्या घड्याळाच्या?

कातळशिल्प:
मुंबई-दुबई, अजून कुठे! जानेवारी. वेळा छापल्यात तशाच घेतल्या. घड्याळाचा काय संबंध?

पागोळी:
तिथेच तर घोळ आहे. तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या गावची, पोचायची पोचण्याच्या गावची. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. जाताना दीड मिळवा, सव्वातीन. येताना दीड काढा, पावणेतीन. म्हणजे पश्चिमेला जायलाच अर्धा तास जास्त. तुमच्या तक्त्याच्या बरोब्बर उलट.

खालची आळी:
शिरा पडो त्या गणिताक! दुबईक जातास तर रात्रीचा इमान धरू नको, झोपेचो इचको होता. पाणी भरपूर पी.

दर्यावर्दी:
ते १६०० आधी खोडा. हवा जमिनीबरोबरच फिरते आणि विमान हवेत उडतं. हवा मागे राहत असती तर मांडवीच्या जेटीवर बारा महिने पूर्वेकडून १६०० किमीचा वारा लागला असता. जेटी राहिली असती का? पृथ्वीच्या फिरण्याचा इथे काडीचा संबंध नाही, फक्त वारा धरा.

हे घ्या गणित. सरळ अंतर सुमारे १९३० किमी, हवेतला वेग ८५०, पश्चिमेकडून वारा १०० धरू.
जाताना: १९३० ÷ ७५० = २ तास ३४ मिनिटं.
येताना: १९३० ÷ ९५० = २ तास २ मिनिटं.
वारा नसता तर दोन्हीकडे २ तास १६.
सव्वातीन-पावणेतीन तासांतली वरची चाळीसेक मिनिटं धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांत जातात. आणि गंमत बघा, जाताना १८ मिनिटं गेली, येताना १४च परत मिळाली. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून जाऊन-येऊन वारा नेहमी तोट्याचाच.

पागोळी:
काडीचा संबंध नाही कसं? विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे निघते, आणि पृथ्वी फिरते म्हणूनच ती पूर्वेकडे वळते. त्यातूनच हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण १२ किमी उंचीवर, पश्चिमेचा जेट प्रवाह, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो. पृथ्वी थांबली तर तुमचे ते १०० कुठून आणणार?

दर्यावर्दी:
वाऱ्याशी संबंध आहे, विमानाच्या बेरीज-वजाबाकीशी नाही. पोरांना दोन्ही एकदम सांगितलंत की परत १६०० मिळवतील.

गुहागरकडचा:
दाभोळ-धोपावे फेरीबोट दाखवा पोरांना. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे ओढतं, म्हणून बोटीचं तोंड थोडं खाडीच्या आतल्या बाजूला धरतात. बोट तिरकी दिसते पण जाते सरळ धक्क्याला. आडव्या वाऱ्यात विमानाचं नाक असंच धरतात.

आमरस:
पण पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा असतो. मग तेव्हाही येतानाच लवकर?

पागोळी:
तो खालचा वारा, छत्री उलटी करणारा. विमान उडतं त्या उंचीवर जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे वारा चक्क पूर्वेकडून असतो. दक्षिण भारतावर त्याचा जोर जास्त. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात हा पूर्वेचा जेट प्रवाह अभ्यासला. त्यामुळे पावसाळ्यात मुंबई-दुबईचा फरक घटतो, एखाद्या दिवशी उलटतोही. तक्त्यावर महिना लिहाच.

गुहागरकडचा:
चिपीहून (सिंधुदुर्गचा विमानतळ) मुंबईलाही असाच फरक पडतो का?

दर्यावर्दी:
तो मार्ग जवळपास दक्षिणोत्तर. पश्चिमेचा वारा आडवा लागतो, वेळेत फारसा फरक नाही. आणि एवढ्याशा अंतरात चढता चढता उतरायची वेळ होते.

कातळशिल्प:
ते राहू दे. १०० तुम्ही धरलेत, परीक्षक विचारतील आणलेत कुठून. काय सांगू?

दर्यावर्दी:
मोजा. विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडा. एकाच दिवशीची एक जाणारी, एक येणारी, एकाच जातीची विमानं, दोन्ही ३४,००० फुटांच्या वर आणि समुद्राच्या मध्यावर असताना बघा. ॲप जमिनीवरचा वेग देतं, बहुतेकदा नॉटमध्ये (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी). समजा ४१० आणि ५१० दिसले. वजाबाकी १००, तिच्यात वारा दोनदा येतो, म्हणून तिचं निम्मं ५० नॉट, गुणिले १.८५२, म्हणजे ताशी सुमारे ९३ किमी वारा. चढताना-उतरतानाचे आकडे घेऊ नका, मुंबईवर घिरट्या घालणाऱ्याचे तर मुळीच नको.

पागोळी:
सोबत चावीची गाडी ठेवा. टेबलावर खडूने ६० सेमीवर दोन खुणा, त्यावर ड्रॉईंग पेपरची दीड मीटर पट्टी. टेबल जमीन, पट्टी हवा. गाडी पट्टीवर सोडून पट्टी हळू, एकसारखी ओढा, एकदा गाडीच्या दिशेने, एकदा उलट, आणि खुणांमधला वेळ मोजा. झटका दिलात तर चाकं घसरतात. कापड घेऊ नका, चुण्या पडतात. चावी दरवेळी पूर्ण भरा, नाहीतर गाडीच मंदावते आणि दोष वाऱ्यावर जातो.

कातळशिल्प:
गाडी आहे. ॲपवर आत्ता बघितलं, जाणारं ४२२, येणारं ४९८. म्हणजे ३८ नॉट, साधारण ७० किमी. १०० खोडून हेच लिहितोय. पण तक्त्यावर वर मोठ्या अक्षरांत "पृथ्वी खालून सरकते" रंगवलंय, ऑइल पेंटने. ते कशाने निघेल?

खालची आळी:
टर्पेंटाइन. पण कागद असात तर वरसून दुसरो चिकटव.