गणपतीला गाडीने गावी जायचंय, इन्सुलिन चालू आहे. टोचायचं कधी, खायचं कधी?

डोंबिवलीचा_कोकणी
मंडळी, वय 54. दीड वर्ष झालं, सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन (30/70, म्हणजे झटपट आणि सावकाश चालणारं एकत्र) घेतो. गाव संगमेश्वरजवळ, गाडी मीच चालवतो.

गेल्या गणपतीत पहाटे चारला डोस टोचला, चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली आणि सहापर्यंत कोलाडला पोचून नाश्ता करू म्हणून निघालो. वडखळलाच सहा वाजले. तिथे गर्दी बघून पुढे खाऊ म्हटलं, आणि इंदापूर-माणगावच्या रांगेत अडकलो. मान घामाने ओली, जीभ जड. बायको काहीतरी विचारत होती, मी तिच्यावर खेकसत होतो. का, ते मलाच कळत नव्हतं. शेवटी तिनेच हँडब्रेक ओढला. साखर मोजायचं मीटर डिकीत, बॅगांच्या खाली. शेजारच्या गाडीतल्या मुलाने आंब्याच्या सरबताची बाटली दिली. त्यानंतर मीटर सापडलं, तेव्हा साखर 58 होती.

मागच्या सीटवर माझी नात होती. ते आठवलं की अजून झोप उडते. यंदा जायचं तर आहेच. तुम्ही कसं जमवता?

साताऱ्याची_ताई
दादा, मला टाइप 1 आहे, 23 वर्षं झाली. टोचणं आणि ताट यांच्यामध्ये रस्ता येऊ द्यायचा नाही, एवढं एक धरून ठेवा. एक तर घरीच पोळी-भाजी खाऊन निघा, नाहीतर डोस नेहमीच्या नाश्त्याच्या वेळेलाच, गाडी थांबवून. काही मिक्स इन्सुलिनं खाण्याच्या अर्धा तास आधी टोचायला सांगतात. तुमचं त्यातलं असेल तर प्रवासाच्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांना आत्ताच विचारा, आदल्या रात्री नको.

मीटर आणि ग्लुकोज पावडर ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात. हायपो, म्हणजे साखर फार उतरल्यासारखं, वाटलं की गाडी कडेला, पावडर तीन चमचे पाण्यातून, 15 मिनिटांनी परत मोजा. 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की केळं किंवा पोळी. चॉकलेट, बेसनलाडू त्या वेळी नकोत, तूप-तेलामुळे साखर रक्तात उशिरा उतरते.

आणि इन्सुलिन डॅशबोर्डमध्ये ठेवू नका. वापरातलं पेन 30 अंशांच्या आत राहिलं पाहिजे. उन्हात उभ्या गाडीत ते शक्यच नाही. जेवायला उतरलात की पिशवी सोबत घ्या. बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. मीटरच्या पट्ट्यांची डबीही त्याच पिशवीत, त्यांनाही ऊन सोसत नाही.

लेस्टरहून_चिपळूण
इथे इंग्लंडमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकाला नियमच आहे: निघण्याआधीच्या दोन तासांत मोजायचं, मग वाटेत दर दोन तासांनी. इथल्या मापात साखर 5 किंवा त्याखाली, म्हणजे आपल्या मापात 90, तर आधी खायचं. 4 च्या खाली, म्हणजे 72, तर गाडी चालवायचीच नाही. साखर जागेवर आल्यावरही 45 मिनिटं थांबायचं, कारण मीटर सुधारलं तरी डोकं लगेच सुधारत नाही. हा शेवटचा नियम मी भारतात आल्यावरही पाळतो. कशेडी घाटात बाबा कुरकुरतात, पण पाळतो.

एसटी_निवृत्त
31 वर्षं स्टिअरिंग धरलं. मला इन्सुलिन नाही, मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी आहे. तिनेही साखर उतरते, हे लोक विसरतात. जेवण चुकलं की मलाही घाम फुटतो.

दुसरं, पायाचं बघा. तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर ब्रेक किती दाबला गेला ते पायाला कळत नाही. माझा तसा झाला तेव्हा मी गाडी मुलाच्या हातात दिली. वाईट वाटलं, फार वाटलं. तुम्ही जाण्याआधी पाय तपासून घ्या.

डोंबिवलीचा_कोकणी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझं इन्सुलिन अर्धा तास आधी घ्यायचंच निघालं. त्या दिवशी पहाटे उठून, टोचून, अर्ध्या तासाने घरीच भाकरी-उसळ खाऊन निघायचं ठरलं. पायाची तपासणी शनिवारी आहे.

बायकोला मीटर लावायला शिकवलं, काल तिने स्वतःच्या बोटावर दोनदा करून बघितलं. महाडपर्यंत पुतण्या चालवेल. पुढचं महाडला थांबून, मोजून ठरवू.