मदत हवी आहे: चांदर-केपे भागात जुन्या घरात दोन रात्री, सोबत आई-बाबा

बोरीकर
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन दक्षिण गोव्यात चांदर किंवा केपे भागातल्या एखाद्या पोर्तुगीजकालीन घरात दोन रात्री राहायचा विचार आहे. गाडी स्वतःची, निघणार फोंड्याहून. बाबांचे गुडघे दुखतात, आई शिवराक (शाकाहारी) जेवते. उसगाळीमळची शिल्पं आणि जमलं तर सावरीचा धबधबा बघायचा आहे. फोटोंत सगळीच घरं देखणी दिसतात, तेव्हा बुकिंग करण्याआधी नेमकं काय विचारावं? आणि पावसाचा त्रास किती होईल?

जांभा
पहिला प्रश्न छपराचा. यंदा मे महिन्यात घर शाकारलं का, आणि झोपायच्या खोलीला कौलांखाली लाकडी तक्तपोशी आहे का? नुसती कौलं असली तर वाऱ्याच्या पावसात फटींतून बारीक तुषार अंथरुणावर येतात. मोठी गळती बहुतेक वेळा कौल सरकल्याने होते. नाहीतर दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीत पाला तुंबतो आणि पाणी उलटं कौलांखाली शिरतं.

दुसरा प्रश्न भिंतीचा. जांभा दगड जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याचा गिलावा असेल तर ती वाळून जाते. त्याच भिंतीला सिमेंट किंवा प्लास्टिकचा रंग दिला की ओल आत कोंडते आणि कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे, बुरशी धरते. म्हणून पलंगामागच्या भिंतीचा, जमिनीपासून दिसेल असा, ताजा फोटो मागवा. ओलीचे डाग असतील तर दमा असलेल्यांनी तरी ती खोली टाळावी. खोली चांगली असली तरी बॅगा भिंतीला टेकवून ठेवू नका.

बाबांसाठी पायऱ्या मोजून घ्या. बाल्कांवाच्या (दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या) पायऱ्या उंच असतात आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. खोली तळमजल्यावरच मागा. न्हाणीघर खोलीला लागून आहे की मागच्या अंगणातून जावं लागतं, कमोड आहे का, हेही विचारा. दमट हवेत जुन्या कोब्याला पाणी सुटतं, त्यामुळे बाबांना घरातही रबरी तळव्याच्या सपाता हव्यात.

विजेचं एक राहिलं. जुन्या घरात वायरिंग मागाहून ओढलेलं असतं. गीझर चालू असताना त्याच बोर्डावर किटली लावली की फ्यूज जातो. इन्व्हर्टर असला तरी तो दिवे-पंख्यापुरता धरा. पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक जरूर मागा, १९८२ च्या कायद्याप्रमाणे अशा घरांना नोंदणी लागते.

मेरशेंचो वारो
जांभा यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त शिंपल्यांच्या खिडक्यांबद्दल लिहितो, कारण त्या पाहुण्यांच्या हातून फुटतात. काचेऐवजी लावलेल्या शिंपल्यांच्या चकत्या पातळ असतात आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या असतात. पावसात चौकट फुगून खिडकी अडते. मग लोक तळव्याने चकतीवरच जोर देतात आणि ती कडेला तडकते. धरायचं ते लाकूड, आणि तरी हलली नाही तर तशीच राहू द्या. ओल्या फडक्याने पुसू नका. बंद खिडकीतून मऊ उजेड येतो, पण वाचण्यापुरता नाही, म्हणून बाबांसाठी टेबललॅम्प मागा.

कुशावतीकांठ
फिरण्यासाठी कुशावती नदी धरून चला, दोन दिवस पुरतात. येताना बोरी पूल, राय, कुडतरी करत चांदरला या. कुडतरीला सेंट अॅलेक्स चर्च आणि शेजारचं तळं आहे, थांबाच. चांदरला मिनेझिस ब्रागांझा घर आहे. पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचा ग्रंथसंग्रह तिथेच आहे. दोन बाजूंना दोन कुटुंबांचं घर आहे, दोन्हीकडे देणगी वेगळी द्यावी लागते. फोटो काढण्याआधी विचारा.

दुसऱ्या दिवशी केपे, तिळामळ, झांबावलीचं दामोदर देवस्थान, रिवण आणि पुढे उसगाळीमळ. शिल्पं नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेली आहेत: बैल, हरणं, आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूह. ती १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली. सप्टेंबरअखेर कातळावर शेवाळ असतं, नदी फुगली तर पाणीही चढतं. बाबांनी कडेच्या कोरड्या भागावरूनच बघावं. वेळ महत्त्वाची: सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. तिरक्या उन्हात खाचांत सावली भरते आणि आकृत्या उठून दिसतात. भर दुपारी समोर उभं राहूनही बैल सापडत नाही. रेषा दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका, त्याने खाचा झिजतात.

सावरी मात्र बाबांसाठी नको. जंगलातून चढउतार आहे, दगड निसरडे आणि या दिवसांत जळवा. मुसळधार पाऊस असला की वनखातं प्रवेशही बंद करतं. त्याऐवजी नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी करा, गोपीनाथाच्या देवळाला लागूनच आहे. पायऱ्यांवर न उतरता वरूनही बुडबुडे नीट दिसतात.

बोरीकर
खूप उपयोग झाला. मग सावरी रद्द. दोन्ही दिवस पाऊस लागून राहिला तर?

कुशावतीकांठ
तर उसगाळीमळ सोडा आणि केप्याचा डीनचा (चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूचा) वाडा बघा. १७८७ मध्ये बांधलेला, चर्चच्या समोर. आधी फोन करून जा. जोराच्या पावसात पारोड्याला रस्ता पाण्याखाली जातो. चांदरला मुक्काम असेल तर केप्याला कुडचडेमार्गे जा. पाण्यात गाडी घालू नका, कडेच्या शेताची आणि रस्त्याची पातळी एकच दिसते. नेत्रावळीच्या बाजूला फोनला रेंज तुटक आहे, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

जांभा
आईंच्या जेवणाचं: बुकिंग करतानाच शिवराक सांगा, आणि 'मासे नको' एवढ्यावर थांबू नका. सुकं सुंगट (कोळंबी), अंडं आणि वेगळं तेल, तिन्ही स्पष्ट बोला. भाजीत चवीला सुंगट टाकायची सवय असते. दुपारचं जेवण केपे किंवा कुडचडे बाजारातच उरका, रिवणच्या पुढे शिवराक ताट मिळेलच असं धरू नका.