उद्यानातील शिल्प : मुलांनी पाहायचे की त्यावर चढायचे?

मूळ मत (धरमपेठ)

नागपूरच्या बहुतेक वस्त्यांमधील उद्यानांत मुलांसाठी काय असते, ते आत न शिरताही सांगता येते : फायबरची एक घसरगुंडी, दोन झोपाळे, एखादा सी-सॉ. शिल्प असलेच तर त्याभोवती कठडा असतो आणि त्यावर ‘चढू नये’ असा फलक. महापालिकेने आता मुलांना चढता, घसरता आणि लपता येईल अशीच शिल्पे मुद्दाम घडवून घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे.

शिल्पकार इसामु नोगुची यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कसाठी जमिनीलाच डोंगराचा आकार देणारे क्रीडांगण सुचवले होते. उद्यानप्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी ते नाकारले, आणि अमेरिकेत नोगुचींचे क्रीडांगण उभे राहायला १९७६ साल उजाडले. तेही अटलांटातील पीडमॉन्ट पार्कमध्ये. आपल्याला मात्र ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, मुले ज्या लाकडी नंदीला ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागतात, तो शिल्पच आहे. त्याला चाके असतात, तो मुलांच्या हाती असतो, आणि त्याचे शिंग मोडले तर घरातलेच कोणीतरी ते पुन्हा बसवून देते. मुलांच्या हाताळण्याने शिल्पाचा अपमान होत नाही, हे नागपूरला इतर शहरांपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे.

प्रतिसाद (प्रतापनगर)

आपल्या भावनेचा आदर आहे, पण मी या मताच्या विरोधात आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांपुढे जातो. गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच वाजता, एका बागेतील घसरगुंडीच्या पत्र्यावर माझ्या मुलीची पोटरी भाजली, आणि त्या बागेत सावली धरणारे एकही झाड नव्हते. अशा ठिकाणी दगडाचे किंवा काँक्रीटचे शिल्प उभे केले, तर ते सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेले राहील.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. खेळाच्या साहित्यात साडेतीन ते नऊ इंचांची फट धोक्याची मानतात, कारण तेवढ्या फटीतून मुलाचे अंग पलीकडे जाते आणि डोके अडकते. कारखान्यात तयार होणाऱ्या साहित्यात हे मोजून टाळता येते; एकेक नग हाताने घडवणाऱ्या शिल्पकाराला ही मापे कोण सांगणार आणि तपासणार कोण?

शिवाय मुलांच्या कल्पनेला खाद्य मिळावे म्हणून शिल्पच हवे, असेही नाही. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये वास्तुकार आल्डो व्हॅन आइक यांनी १९४७ ते १९७८ या काळात सातशेहून अधिक क्रीडांगणे रचली. त्यांत वाळूचे हौद, काँक्रीटचे ठोकळे आणि वाकवलेल्या लोखंडी नळ्या एवढेच असे. प्राण्यांचे आकार त्यांनी टाळले, जेणेकरून नळीची कमान गुहा आहे की पूल, हे मुलांनीच ठरवावे. एका शिल्पाच्या पैशांत आपल्या कितीतरी बागांत रेती आणि कडुनिंबाची सावली येईल.

प्रतिसाद (महाल)

माझी हरकत वेगळी आहे. चितार ओळीतील मूर्तिकारांचे काम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. घडवलेल्या वस्तूला चुकून पाय लागला तरी नमस्कार करण्याची आपली सवय आहे. शिल्पावर बूट घालून चढायला शिकलेले मूल उद्या चौकातील पुतळ्यासमोर थांबेल का?

मूळ मत मांडणारीचे उत्तर

महालच्या दादांना प्रथम सांगते : मूर्ती आणि खेळाचे शिल्प यांतला फरक मुलांना कळतो. नंदीला ओढत नेणारे मूल देवघरातल्या नंदीला हात जोडतेच. पाय लावण्यासाठीच घडवलेली वस्तू आणि पूजेची वस्तू यांची गल्लत मोठी माणसेच अधिक करतात. जेरुसलेममध्ये शिल्पकार निकी द सां फाल यांनी १९७२ मध्ये ‘गोलेम’ हा राक्षस उभारला, तेव्हा मुले त्याला घाबरतील अशी भीती मोठ्यांनाच होती. त्याच्या तोंडातून निघालेल्या तीन लाल जिभा म्हणजे घसरगुंड्या आहेत, आणि मुले त्यांवरून आजही घसरतात.

प्रतापनगरच्या दादांचा उन्हाचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तुमच्या मुलीला जे सोसावे लागले त्याचे वाईट वाटते. म्हणूनच शिल्प उघड्यावर नव्हे, तर जुन्या झाडांच्या सावलीत असावे, त्याचा रंग फिकट असावा आणि पायथ्याशी रेतीचा जाड थर असावा. फटींची मापे शिल्पकाराला आराखड्याच्या वेळीच लेखी द्यावीत. ज्यांना मूर्तीचे प्रमाण कळते त्यांना इंचही कळतात. नळ्यांच्या कमानींनाही माझा विरोध नाही. परंतु सगळ्या बागा एकाच कारखान्याच्या छापील यादीतून भरल्या, तर इथल्या मुलांना आपल्या शहराची म्हणून एकही आकृती आठवणार नाही.

प्रतिसाद (प्रतापनगर)

सावली आणि रेती यांवर आपण सहमत झालो, हे बरे झाले. तरीही माझी अट अशी आहे की, कामाच्या निविदेतच किमान पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि दर पावसाळ्यानंतरची तपासणी लिहिलेली असावी. पहिले शिल्प एकाच बागेत उभे राहावे आणि एक संपूर्ण उन्हाळा मुले त्यावर किती वेळ खेळतात, हे पाहिल्याशिवाय दुसरे मंजूर होऊ नये. हे होणार नसेल, तर माझा विरोध कायम आहे.