मदत हवी आहे : सोलापूरच्या उन्हाळ्यात चिलगोजा टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी. डिंकाच्या लाडवात घालायला २ किलो चिलगोजा (चिलगोजा पाइनच्या झाडाचं खाण्याचं बी) घ्यायचा आहे. माल हिमाचलातल्या किन्नौरकडचा हवा, सालासकट. तिकडची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, त्यामुळे दिवाळीनंतर येणारा माल ताजा धरायला हरकत नाही. इथे सोलापुरात मधला मारुती भागात सोललेला सहज मिळतो, पण तो कधी सोललाय हे कोण सांगणार?

खरी अडचण एप्रिल-मेची. पारा ४२ च्या वर गेला की डब्यातला चिलगोजा पटकन खवट होतो. यात निम्म्याच्या आसपास तेल, तेही बहुतेक असंतृप्त. हवा आणि उष्णता लागली की बिघडणारच. साल असेपर्यंत दाणा तग धरतो. म्हणून २००-२०० ग्रॅमची हवाबंद पाकिटं करून फ्रीजरमध्ये ठेवायचा बेत आहे. पाकीट बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फोडायचं नाही, नाहीतर दाण्यावर पाणी धरतं आणि भाजताना तो मऊच राहतो.

आता प्रश्न. लाडवात भाजून घालावा की कच्चा? मंद आचेवर ३-४ मिनिटांत रंग येतो, पण लगेच ताटात काढला नाही तर कढईच्या धगीनेच करपतो. भाजलेला दाणा घातला तर लाडू किती दिवस टिकतात? आणि पाकिस्तानी किंवा चिनी माल किन्नौरचा म्हणून गळ्यात मारतात, तो ओळखायचा कसा? काही चिनी जातींनी दोन दिवसांनी तोंड कडू पडतं, म्हणून विचारतोय. ‘गुडघेदुखी जाते’ वगैरे नको, साठवणुकीचं बोला.